क्लाइव्ह : आडनावाचं नाव कधी झालं?

प्रश्न

क्लाइव्ह म्हटलं की शाळेच्या इतिहासातली प्लासीची लढाई आठवते, म्हणजे हे आडनाव. पण क्लाइव्ह लॉईडमध्ये ते चक्क पहिलं नाव आहे. गोव्यात आणि वसई-वांद्र्याकडेही क्लाइव्ह नावाची माणसं भेटतात. यात मूळ कोणतं, नाव की आडनाव?

प्रतिसाद १

मूळ आडनाव, आणि त्याच्याही आधी गावाचं नाव. जुन्या इंग्रजीत 'क्लिफ' म्हणजे कडा किंवा उतार. अशा जागी वसलेली क्लाइव्ह नावाची गावं चेशायर आणि श्रॉपशायर या परगण्यांत आहेत. तिथलं घराणं ते क्लाइव्ह. आपल्या पुणेकर-नाशिककरांसारखंच, फक्त 'कर' न लावता. क्लिफर्ड, क्लिफ्टन हीसुद्धा याच मुळाची भावंडं.

आडनाव मुलाला नाव म्हणून देण्याची चाल इंग्लंडात जुनी आहे. बड्या घरात आईचं माहेरचं आडनाव मुलाच्या नावात टिकवत. सोळाव्या शतकात जेमतेम नऊ दिवस इंग्लंडची राणी झालेली लेडी जेन ग्रे, तिचा नवरा गिल्डफर्ड डडली घ्या. त्याची आई गिल्डफर्डांची लेक, म्हणून पोराचं नाव गिल्डफर्ड. १५५४ साली बिचाऱ्याचा शिरच्छेद झाला, पण चाल राहिली. सिडनी, पर्सी, हॉवर्ड, स्टॅन्ली ही सगळी आधी आडनावंच.

क्लाइव्हची वाट मात्र वेगळी. हे आडनाव इंग्लंडात तसं दुर्मीळच. ते घरोघरी पोचलं एका माणसामुळे आणि ते आपल्याकडच्या पराक्रमामुळे (त्यांच्या दृष्टीने पराक्रम, आपल्या दृष्टीने काय ते सांगायला नको). रॉबर्ट क्लाइव्ह १७२५ साली श्रॉपशायरमध्ये जन्मला, १७५७ साली प्लासी जिंकला. त्यानंतर ज्यांची हयात हिंदुस्थानच्या नोकरीत गेली, अशा ब्रिटिश कुटुंबांत मुलांना क्लाइव्ह हे नाव मिळू लागलं. थॅकरेच्या 'द न्यूकम्स' (१८५३–५५) या कादंबरीत याचा नमुनाच सापडतो: बाप कर्नल न्यूकम कंपनीच्या फौजेतला आणि मुलाचं नाव क्लाइव्ह. थॅकरे स्वतः कलकत्त्यात जन्मलेला, त्यामुळे असली घरं त्याने जवळून पाहिली असणार. पुढे विसाव्या शतकात हिंदुस्थानशी काही संबंध नसलेल्या घरांतही हे नाव सर्रास झालं.

प्रतिसाद २

प्लासीच्या आधीचं आपलं विजयदुर्ग विसरू नका. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांचं आरमार ॲडमिरल वॉटसनच्या हाती होतं आणि जमिनीवरचं सैन्य क्लाइव्हच्या. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आणखी दुखणं.

प्रतिसाद ३

माहिती छान, पण एक शंका. थोर माणसाचं नाव मुलाला द्यायचं तर 'रॉबर्ट' ठेवायचं. आपल्याकडे तसंच करतात. गावसकरांनी वेस्ट इंडीजचा फलंदाज रोहन कन्हाय याच्यावरून मुलाचं नाव रोहन ठेवलं, 'कन्हाय' नाही ठेवलं. तेंडुलकरांच्या घरी सचिनदेव बर्मनवरून सचिन आला, बर्मन नाही. 'पटवर्धन' अशी हाक मारून कोणी बाळाला पाळण्यात घालत नाही!

प्रतिसाद १ (पुन्हा)

रॉबर्ट ठेवलं असतं तर ते प्लासीवाल्यावरून ठेवलंय की आजोबांवरून, हे कळायला मार्गच नव्हता. इंग्लंडात गल्लोगल्ली रॉबर्ट. क्लाइव्ह म्हटलं की दुसरा कोणी डोळ्यांपुढे येतच नाही. आडनाव दुर्मीळ होतं म्हणूनच ते कामाला आलं. शिवाय तिकडे सार्वजनिक जीवनात माणूस ओळखला जातो आडनावाने. ब्रिटिश ॲडमिरल होरेशिओ नेल्सनचंही तेच: होरेशिओ मागे पडलं, नेल्सन नाव म्हणून जगभर गेलं.

आता गंमत बघा. परक्या घरांतली पोरं 'क्लाइव्ह' होत होती, पण खुद्द घराण्याच्या थोरल्या पातीने हे आडनाव सोडलं! रॉबर्टचा मुलगा एडवर्ड, जो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, त्याने हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न केलं. त्यांच्या मुलाने १८०७ साली आजोळची पॉविसची इस्टेट मिळावी म्हणून आडनाव हर्बर्ट करून घेतलं. प्लासीची लूट आज त्याच पॉविसच्या किल्ल्यात मांडून ठेवली आहे असं सरसकट म्हणतात, पण तिथल्या बऱ्याच वस्तू श्रीरंगपट्टणच्या, टिपू सुलतानच्या आहेत.

प्रतिसाद ४

मूळ प्रश्नातल्या क्लाइव्ह लॉईडमध्ये दोन्ही तुकडे आडनावंच की! 'लॉईड' हे वेल्श, अर्थ करडा किंवा राखाडी केसांचा, आणि तेही पुढे पहिलं नाव झालं. वानखेडेवर पहिलीच कसोटी, जानेवारी १९७५, याच गयानाच्या माणसाने नाबाद २४२ ठोकले होते. १९९१ साली बंदी उठल्यावर दक्षिण आफ्रिकेचा संघ पहिला सामना खेळायला ईडन गार्डन्सवर आला, तेव्हा कप्तान होता क्लाइव्ह राइस. कलकत्त्यात पुन्हा एक क्लाइव्ह, पण हा हरून गेला.

प्रतिसाद ५

'नार्निया'च्या गोष्टी लिहिणाऱ्या सी. एस. लुईसमधला 'सी' म्हणजे क्लाइव्ह आणि 'एस' म्हणजे स्टेपल्स. स्टेपल्सही आडनावच. त्याला दोन्ही नावं पसंत नव्हती. लहानपणीच त्याने स्वतःला वेगळं नाव घेतलं आणि मित्रांत तो जन्मभर 'जॅक' राहिला.