मदत हवी आहे: वादळात आडवं झालेलं आमचं रान, काय काढू आणि काय राहू देऊ?

नमस्कार मंडळी,

आमचं २ एकरांचं खासगी रान आहे. अर्धं आईबाबांनी ३५ वर्षांपूर्वी लावलेलं, अर्धं आपलं आपण वाढलेलं. ९ दिवसांपूर्वीच्या वादळात जवळजवळ तिसरा हिस्सा एका रात्रीत आडवा झाला. पहिले ४ दिवस मी आत गेलेच नाही, पाय उचलत नव्हता. नंतर वही घेऊन मोजायला बसले. मुळासकट उन्मळलेली ५२, मधूनच मोडलेली ७१. कललेली आणि शेंडे गेलेली वेगळी, ती अजून मोजून झालेली नाहीत. एक मोठं झाड शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकून लोंबकळतंय, नेमकं पायवाटेवर.

एक ठेकेदार येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं, "सगळं एकदाच साफ करू. वाकडीतिकडी उभी आहेत तीही काढू. मोठं यंत्र आत घालतो, आठवड्यात जमीन मोकळी करून देतो, मग नवी लागवड करा." लाकूड त्याचं, साफसफाई आम्हाला फुकट. घरात सगळ्यांना हे सोयीचं वाटतंय. मला मात्र पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. जमीन अजून इतकी ओली आहे की माझाच पाय घोट्यापर्यंत रुततो. शिवाय पडलेल्या फांद्या उचलून बघितल्या तर खाली वीतभर, हातभर उंचीची कितीतरी रोपं जिवंत आहेत. त्यांच्यावरून यंत्र गेलं तर काय उरेल?

म्हणून विचारते:

कुठलं झाड वाचेल आणि कुठलं नाही, हे ओळखायचं कसं? पडलेलं लाकूड तसंच ठेवलं तर कीड उभ्या झाडांवर जाईल का? आणि लागवडीची खरंच इतकी घाई आहे का?

बाबांना अजून रान दाखवलेलं नाही. ते रोज विचारतात. त्यांना नेण्याआधी माझ्याजवळ काहीतरी उत्तर असावं असं वाटतं.

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं नंतर. आधी त्या अडकलेल्या झाडाखालची वाट दोन्ही बाजूंनी बंद करा. अडकलेलं झाड कधी सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या झाडानं त्याला धरलंय ते तोडायला तर कोणीही जाऊ नये. हे काम सराईत माणसाचंच, दोर आणि कप्पी घेऊन लांबून ओढून काढायचं.

मी बरीच वर्षं तोडीच्या कामावर होतो. वादळानंतरची तोड ही नेहमीची तोड नव्हे. वाकून दोन्ही टोकांना अडकलेलं खोड एका अंगाला दाबलेलं आणि दुसऱ्या अंगाला ताणलेलं असतं. ताणलेल्या अंगाला आधी करवत लावली की ते फाटतं किंवा उसळून अंगावर येतं. उन्मळलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा उभा गड्डा एका झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात लहान मुलं खेळायला उतरतात, तेव्हा घरात आजच सांगून ठेवा. एकट्यानं करवत चालवायची नाही, आणि वर मोडक्या फांद्या लटकत असताना खाली उभं राहायचं नाही.

प्रतिसाद २

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. ओल्या जमिनीवर जड यंत्र फिरलं की मातीतली हवेची पोकळी दाबली जाते. पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत, आणि हा दाब सुटायला कित्येक वर्षं लागतात. यंत्र आणायचंच असेल तर जमीन वाळल्यावर, आणि एकच ठरलेल्या वाटेनं. त्या वाटेवर तोडलेल्या फांद्या अंथरा, चाकांचा भार त्यांच्यावर पसरतो.

झाड वाचेल का, हे मी असं बघते. शेंड्याचा आणि फांद्यांचा तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भाग गेला असेल तर ते बहुधा सावरतं. अर्धा गेला असेल तर एक-दोन हंगाम थांबून बघा. तीन चतुर्थांश गेला असेल तर आशा कमी. खोड उभं चिरलं असेल, किंवा मोठं झाड नव्यानं कलून एका बाजूची माती उचलली गेली असेल, तर वाटेजवळचं असल्यास काढा. आत कोपऱ्यात असेल तर राहू द्या. काही जाती बुंध्यातून पुन्हा फुटतात. साग फुटतो, पाइन सहसा फुटत नाही. मोडलेला बुंधा उपटायच्या आधी हे लक्षात असू द्या. फुटला तर पुढे त्यातले एक-दोन जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढता येतात.

मोडक्या फांद्या कापताना खोडाला लागून सपाट कापू नका. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड असते, तिच्या बाहेरून कापा. जखमेवर रंग किंवा डांबर लावू नका. झाड जखम 'भरून' काढत नाही. कुजका भाग ते आतल्या आत भिंत घालून कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड वाढवतं. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. रंगाखाली ओल कोंडते आणि कूज वाढायला सोयच होते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाट आज बंद केली. मनगटाएवढ्या जाडीची १४ तरुण झाडं नुसती कलली आहेत, मुळं एका बाजूनं मातीतच आहेत. ती सरळ करता येतील का? आणि किडीचं काय?

प्रतिसाद २

येतील, पण आता दिवस घालवू नका. उघडी पडलेली मुळं वाळली की संपलं. तुटकी मुळं स्वच्छ कापा, खालची माती थोडी काढून जागा करा, मग झाड हळूहळू उभं करा, झटका नको. आधाराची काठी बुटकी असू द्या आणि बांध सैल, म्हणजे खोड वाऱ्यात थोडं हलेल. हललं तरच ते जाड होतं. वर्षभरानं काठी काढायची.

प्रतिसाद ३

किडीचं उत्तर झाडांच्या जातीवर आहे. स्प्रूस, पाइन अशी सूचिपर्णी झाडं असतील तर सालीखालच्या भुंगेऱ्यांना ताजं पडलेलं खोड म्हणजे वाढायला आयती जागा. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण स्वीडनमध्ये गुडरून वादळानं सुमारे ७.५ कोटी घनमीटर लाकूड पाडलं, बहुतेक स्प्रूस. पुढच्या उन्हाळ्यांत भुंगेऱ्यांनी तिथली उभी झाडंही मारली. अशा रानात ताजी खोडं उन्हाळ्याआधी बाहेर काढणं किंवा साल सोलणं भाग असतं. तुमचं रान रुंद पानांचं मिश्र असेल तर हा धोका बराच कमी. काही जाड ओंडके कुजायला ठेवाच. त्यांच्यावर बुरशी, कीटक, पक्षी जगतात आणि ओल टिकून राहते. मात्र बारीक वाळक्या फांद्यांचे ढीग घराजवळ किंवा वाटेलगत रचू नका, आगीची भीती असते.

लागवडीची घाई नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय भागात वादळानं सुमारे दीड कोटी झाडं पाडली. नंतरच्या घाईच्या साफसफाईनं काही ठिकाणी वादळाहून जास्त नुकसान केलं. जिथे हात लावला नाही तिथे रान आपलं आपण उठलं. तुमच्याकडे रोपं आधीच आहेत. त्यांना गुरांपासून आणि हरणांपासून जपा, उघड्या जागेत तण आणि वेली चढू देऊ नका, आणि दोन पावसाळे बघा. मग रिकामी राहिलेली जागाच तेवढी लावा, तीही दोन-चार जाती मिसळून.

आणखी दोन गोष्टी. काठावरची जी झाडं कालपर्यंत इतरांच्या आडोशाला होती, ती आता थेट वाऱ्यात आली आहेत. विरळणी म्हणून त्यांच्यातलं एकही लगेच काढू नका. आणि लाकडाचा व्यवहार तोंडी नको. वादळानंतर सगळे एकदम विकायला काढतात आणि भाव पडतो. आधी फोटो काढा, ओंडक्यांची लांबी आणि घेर लिहून ठेवा, तोडीला परवानगी लागते का विचारा, मगच ठेकेदाराशी बोला.

धागाकर्ती

ठेकेदाराला नको म्हणून कळवलं. वाटेवरचं अडकलेलं झाड आणि चिरलेली ५ झाडं तेवढी माहीतगार माणसाकडून काढून घेणार आहे, जमीन वाळल्यावर. बाकी उभं राहील.

आज बाबांना घेऊन गेले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग खाली बसले आणि एका पडलेल्या झाडाखालची रोपं हातानं बाजूला करून मोजायला लागले. १४ पैकी ९ कललेली झाडं आम्ही दोघांनी मिळून सरळ केली. उरलेली ५ उद्या सकाळी.