ऑस्वाल्डनेच मारलं, एवढं मानायला इतकं जड का जातं?

खडूस_वाचक
मार्च 2025 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या 1963 मधल्या डॅलसच्या हत्येच्या आणखी फायली खुल्या झाल्या आणि आमच्या ग्रुपवर 'आता आरोपी ऑस्वाल्ड सुटणार' सुरू झालं. सुटला का? बंदूक त्याचीच. इटालियन कारकानो, 'ए. हायडेल' या खोट्या नावाने शिकागोहून टपालाने मागवलेली, मागणीपत्रावर अक्षर त्याचं. ती सापडली तो पुस्तकांच्या गोदामाचा सहावा मजला. तिथेच तो नोकरीला. गोळीबारानंतर कामावरून पसार, पाऊण तासात टिपिट हा पोलीस ठार, थिएटरात धरला तेव्हा जवळ रिव्हॉल्वर. तरी 2023 च्या गॅलप चाचणीत 65 टक्के अमेरिकन म्हणतात, हे एकट्याचं काम नव्हे.

संशयात्मा
सगळं इतकं छान जुळतंय, तर खटला का नाही उभा राहिला? दोनच दिवसांत, पोलिसांनी भरलेल्या तळघरात, जॅक रुबी हा नाइटक्लबवाला येतो आणि टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना आरोपीला उडवतो! उलटतपासणी शून्य. चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगावर कोण, तर ॲलन डलेस. केनेडींनीच सीआयएच्या प्रमुखपदावरून घालवलेला माणूस. माफियाला हाताशी धरून क्यूबाच्या कॅस्ट्रोला मारायचे सीआयएचे बेत आयोगाला कळूच दिले नाहीत. ऑस्वाल्डने एफबीआयच्या डॅलस कचेरीत दिलेली चिठ्ठी तो मेल्यावर तिथल्याच एजंटने फाडून संडासात वाहवली. हे मी रचलेलं नाही, 1975 साली बाहेर आलंय.

खडूस_वाचक
मान्य, लाजिरवाणंच आहे. पण ती का फाडली? हा माणूस नजरेखाली होता आणि आपण हातावर हात धरून बसलो, हे झाकायला. अब्रू वाचवायला कागद फाडणं आपल्याला नवीन आहे का? त्याने ऑस्वाल्ड निर्दोष कसा ठरतो?

रातकिडा
आणि ती जादूची गोळी? केनेडींच्या मानेतून, मग गाडीत पुढे बसलेले टेक्ससचे गव्हर्नर कॉनली, त्यांची छाती, मनगट, मांडी. वर जवळपास अखंड! हवेत वळली का?

डॅलसवासी
इथेच राहतो. पाहुण्यांना हत्येची जागा, डीली प्लाझा, दाखवून दाखवून पाठ झालाय. गोळी कुठे वळली नाही. तुमच्या आकृतीत दोघं एका रेषेत, एका उंचीवर बसलेत. गाडीत कॉनली घडीच्या आसनावर होते, थोडे खाली आणि आतल्या बाजूला. तसे बसवा, रेषा सरळ येते. शेवटच्या गोळीचं अंतर साधारण 80 मीटर. मरीन्समध्ये नेमबाजी शिकलेल्याला दुर्बीण लावून हे अशक्य नाही. खिडकीपाशी उभं राहिलं की रस्ता केवढा जवळ वाटतो, ते फोटोत कळत नाही.

संशयात्मा
मग 1979 मध्ये संसदेच्याच समितीने 'बहुधा कट होता' म्हटलं, ते विसरायचं?

वकिली_किडा
अर्धंच सांगताय. पोलिसांच्या रेडिओ रेकॉर्डिंगवरून त्यांनी दुसरा बंदूकधारी काढला. 1982 मध्ये विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी तो पुरावा मोडीत काढला. शिवाय केनेडी ऑस्वाल्डच्याच गोळ्यांनी मेले, हे त्या समितीलाही मान्य होतं. बाकी निकाल लागला नाही म्हणून कायद्याच्या भाषेत तो 'आरोपी'च, इथे मी तुमच्या बाजूने.

संशयात्मा
चला, निदान एवढं तरी. त्याच्यामागे कोणी होतं का, हा प्रश्न मी सोडणार नाही.

खडूस_वाचक
नका सोडू. फक्त आधी त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं, हत्येच्या आधीचं, निवृत्त जनरल वॉकर यांच्यावरच्या हल्ल्याचं प्रकरण बघा. वॉकरांच्या घराच्या खिडकीतून त्यांच्यावर गोळी झाडायला जाताना ऑस्वाल्ड 'मी पकडला गेलो तर काय करायचं' अशी रशियनमधली चिठ्ठी बायकोसाठी ठेवून गेला होता. तेव्हा कोणी पढवलं होतं, सांगा.