अपघाताचा क्लेम टाकणं म्हणजे माणुसकी सोडणं का?

रानवाट:
आमचे दाजी गवंडीकाम करतात, वय ३८. दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळी कामावरून मोटरसायकलने येत होते, कराडच्या अलीकडे समोरून ओव्हरटेक मारणाऱ्या कारने उडवलं. उजव्या घोट्याचा पार चुरा, दोन ऑपरेशनं झाली, प्लेट बसवलीय आणि डॉक्टर म्हणतात आता उकिडवं बसणं विसरा. कारवाला शेजारच्या गावचा, लांबची सोयरीकही लागते. दवाखान्यात आला, पन्नास हजार ताईच्या हातात ठेवले, हात जोडले आणि गेला. पोलिसांनी गुन्हा नोंदवलाय. आता ताई क्लेम टाकायचं म्हणतेय तर घरातली मोठी माणसं म्हणतात जीव वाचला ना, कशाला कोर्टाची पायरी चढताय, सोयऱ्याधायऱ्यांत वैर घेऊन काय मिळवणार. मला हे अजिबात पटत नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्स सरकारने कंपल्सरी केलाय तो ह्याच दिवसासाठी ना? तो हप्ता भरलाय, कंपनीने घेतलाय, मग ज्याचा पाय गेला त्याने मागितलं की तो लोभी कसा? तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

जुनाजाणता:
राग मानू नका पण मी तुमच्या घरच्या मोठ्यांच्या बाजूने आहे. माणूस पळून गेला नाही, दवाखान्यात आला, पदरचे पैसे दिले. हल्ली धडक देऊन सुसाट निघून जाणारे किती आहेत बघा. आणि इन्शुरन्स कंपनी देते म्हणून गाडीवाल्याला काही होत नाही हे अर्धंच खरं आहे. आमच्या भावकीतल्या एकाच्या ड्रायव्हरचं लायसन्स संपलेलं होतं, कोर्टाने कंपनीला सांगितलं तुम्ही आधी भरा आणि मालकाकडून वसूल करा, त्या मालकाने शेवटी जमीन विकली. तुमच्या कारवाल्याचे कागद बघितलेत का? ते न बघता क्लेम टाकलात आणि उद्या त्याच्या घरावर नांगर फिरला तर गावात तोंड कसं दाखवणार?

निशिगंध:
आणि दाजींच्या घरावर फिरला त्याचं काय? कारवाल्याची दया आली तशी ज्याला आता बांधकामाच्या परांचीवर चढता येणार नाही त्याची कुणालाच येत नाहीये. पन्नास हजार दोन ऑपरेशनला पुरले तरी का? माझ्या दिराच्या वेळी हेच झालं, सगळे म्हणाले मिटवून टाका, मिटवलं, आणि वर्षभरात सगळे सल्लागार गायब, दीर मात्र अजून काठी घेऊन चालतोय. वैर होतं म्हणणाऱ्यांनी त्या घरात एक महिना किराणा भरून दाखवावा मग बोलावं.

एसटीवाला:
मी रोज गाडी चालवतो म्हणून दुसरी बाजू मांडतो. मोठी गाडी ती दोषी असं गृहीतच धरलं जातं. दाजींनी हेल्मेट घातलं होतं का, लाईट चालू होता का, हे कुणी विचारत नाही. शिवाय क्लेमचा धंदा झालाय हेही खरं, कॅज्युअल्टीच्या दारात एजंट उभे असतात, पेशंट आत जायच्या आधी वकीलपत्रावर सही. उत्तर प्रदेशात खोट्या क्लेमच्या चौकशीसाठी एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमावं लागलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ह्या खोट्यांमुळे खऱ्यांकडेही संशयाने बघितलं जातं आणि पैसा शेवटी सगळ्यांच्या हप्त्यातूनच जातो.

कोर्टकचेरी:
जिल्हा कोर्टात हीच कामं करतो म्हणून थोडं लांब लिहितो. हेल्मेटचा मुद्दा घोट्याच्या दुखापतीला लागू होत नाही, डोक्याला मार असता तर कंपनीच्या वकिलाने नक्की काढला असता. दाजींची चूक असेल तर ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट, तेवढे टक्के कापतं, पण आधी पंचनामा आणि स्पॉटचा नकाशा बघा, ओव्हरटेक करणारी गाडी कुठल्या बाजूला होती ते त्यातच सापडतं. टक्केवारीवर फी मागणाऱ्यापासून लांब राहा, वकिलांना तशी फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.
आता हिशोब. समजा महिना १८ हजार कमाई धरली. ४० च्या आतला, स्वतःचं काम करणारा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वय ३६ ते ४० ला गुणक १५, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं, झाले ४५,३६,०००. खरी मारामारी इथून पुढे. सिव्हिलच्या सर्टिफिकेटवर समजा ३० टक्के अपंगत्व आलं तर कंपनी म्हणणार १३,६०,८०० घ्या आणि गप्प बसा. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि त्या माणसाची कमाई किती गेली ते टक्के वेगळे. ऑफिसात बसणाऱ्याचा घोटा आणि गवंड्याचा घोटा सारखा नाही. कोर्टाने कमाईचं नुकसान ६० टक्के मानलं तर आकडा २७,२१,६०० होतो, दवाखान्याची बिलं आणि वेदनांचे पैसे वेगळे. म्हणून कमाईचा पुरावा जमवा. गवंड्याकडे पगाराची स्लिप नसते, मग ज्यांची घरं बांधली त्यांना साक्षीला आणा, ठेकेदाराची वही, फोनवर आलेले पैसे, जे असेल ते. नाहीतर किमान वेतनावर बोळवण होते.

जुनाजाणता:
आकडे ऐकून कुणाचंही मन फिरेल. पण ह्याला किती वर्षं लागतात तेही सांगा ना वकीलसाहेब. तारखेला जाणं, साक्षी, वर हायकोर्टात अपील. तोवर त्या कारवाल्या पोराच्या डोक्यावर केस लटकत राहणार.

कोर्टकचेरी:
वर्षं लागतात, नाही म्हणत नाही, लोकअदालतीत तडजोड झाली तर लवकर सुटतं. पण फौजदारी केस क्लेममुळे लागलेली नाही, भारतीय न्याय संहितेच्या २८१ आणि १२५ कलमाचा (बेदरकारपणे गाडी चालवणं, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) गुन्हा आधीच नोंदलाय, ताईंनी क्लेम नाही टाकला तरी ती केस चालणारच. मग क्लेम सोडून त्या पोराचा काय फायदा? लायसन्स आणि पॉलिसी चालू असेल तर त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही.

एसटीवाला:
हे मात्र लोकांना कुणी सांगत नाही. तरी माझं म्हणणं, एकदा कारवाल्याशी बोलून घ्या, नोटीस थेट पोस्टाने गेली की माणूस चिडतो.

निशिगंध:
बोला जरूर, पण परवानगी मागू नका. तुमचा हक्क आहे.

रानवाट:
सगळ्यांचं वाचलं. जुनाजाणता, तुमच्या भावकीतल्याचं वाईट वाटलं, पण संपलेल्या लायसन्सवर ड्रायव्हरला गाडी दिली कुणी? त्याची किंमत जखमीने का मोजायची? मी उद्याच कारवाल्याकडे जाऊन पॉलिसी आणि लायसन्सची झेरॉक्स मागतो आणि स्पष्ट सांगतो क्लेम टाकतोय म्हणून. वकीलसाहेब, मुदत किती?

कोर्टकचेरी:
१ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिने आहे. त्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण तुम्ही त्यावर विसंबू नका, हातात चार महिने आहेत. राहता त्या भागातल्या ट्रिब्युनलमध्येही टाकता येतो. आणि एक विचारायचं राहिलं, पन्नास हजार देताना कारवाल्याने दाजींची किंवा ताईंची कशावर सही घेतली का?

रानवाट:
ताईला आत्ता फोन केला. एका कोऱ्या स्टॅम्पपेपरवर घेतली होती म्हणते.

कोर्टकचेरी:
मग उद्या त्याच्याकडे जायच्या आधी माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्याही वकिलाकडे जा.