सारे पूर्वनियत असेल, तर दोष कुणाचा?

प्रश्न
गती मिळालेल्या दगडाला विचार करता आला असता, तर आपण स्वतःच्या इच्छेनेच पुढे चाललो आहोत अशी त्याची खात्री असती, असे तत्त्वज्ञ स्पिनोझाने १६७४ मधील एका पत्रात लिहिले आहे. आपल्याला आपल्या इच्छा कळतात, त्यांमागची कारणे कळत नाहीत आणि म्हणून आपण स्वतःला स्वतंत्र समजतो, असे त्याचे म्हणणे. ते मान्य केले, तर वचन मोडणाऱ्याला दोष कोणत्या आधारावर द्यायचा?

प्रतिसाद १
प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानातील स्टोइक पंथाच्या क्रिसिपसने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातच याला उत्तर दिले होते. दंडगोलाला धक्का बाहेरून मिळतो, पण तो घरंगळत राहतो ते स्वतःच्या आकारामुळे. चौकोनी ठोकळा तेवढ्याच धक्क्याने जरासा सरकून थांबेल. तसाच मोह बाहेरून येतो, त्याला होकार मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावातून मिळतो. वचन मोडण्याचे मुख्य कारण तो माणूस स्वतःच ठरतो आणि दोष देण्यास मला एवढे पुरेसे वाटते.

प्रतिसाद २
मला ते पुरेसे वाटत नाही, कारण दंडगोलाने आपला आकार निवडलेला नसतो. ॲरिस्टॉटलनेही दगडाचेच उदाहरण दिले आहे आणि ते मला अधिक पटते: हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणे आपल्या हाती होते. अन्यायाची सवय जडलेल्याला आज केवळ इच्छा करून न्यायी होता येणार नाही, तरी ती सवय त्याने एकेका कृतीतून स्वतःच लावून घेतलेली असते. अर्थात, पहिल्या सवयी बालपणीच लागतात आणि तेव्हा दगड कुणाच्या हातात होता, हा प्रश्न उरतोच.

प्रतिसाद ३
दोष देण्यापूर्वी आपण इतके मागे जातो का? तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसनने १९६२ च्या निबंधात दाखवले की कुणाचा पाय चुकून आपल्या हातावर पडला काय किंवा त्याने बेपर्वाईने दिला काय, वेदना तेवढीच असते. राग मात्र दुसऱ्या वेळीच येतो, कारण त्यात आपल्याविषयीचा अनादर दिसतो. नियतिवाद, म्हणजे सारे पूर्वनियत असते हे मत, खरा ठरल्याने हा फरक पुसला जात नाही.

प्रश्नकर्ता
हे मला मान्य आहे. मात्र त्यातून माझा राग समर्थनीय ठरतो. त्या माणसाला शिक्षा किती व्हावी, हे त्या रागावरून ठरवता येणार नाही.