ठोकळेबाज की साचेबद्ध?

प्रश्न : नाशिकला आमच्या चित्रपट मंडळात अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीचे सिनेमे दाखवणार आहोत, त्याचं टिपण लिहितोय. 'ठोकळेबाज गाणीबजावणीचे सिनेमे' असं लिहिलं, तर ताईने खोडून 'साचेबद्ध' केलं. अर्थ एकच ना? आणि या प्रकाराला एखादा '-पट' आहे का?

उत्तर : ताईचं बरोबर. ठोकळा म्हणजे न घडवलेला लाकडाचा तुकडा. नट ठोकळेबाज असतो, संवाद ठोकळेबाज असतात. त्यात कसबाची उणीव आहे. साच्यात तसं नाही. आमच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे, पावसाळ्याआधी जाऊन बघा. साचा उघडला की कानामागून सोंडेपर्यंत जोडाची रेघ दिसते, ती ओल्या फडक्याने पुसतात. मग एकाला पिवळं पितांबर, दुसऱ्याला जांभळं. मूर्ती सुबकच असते, पण पुढची कशी निघणार ते आधीच ठाऊक.

एल्व्हिसचं तेच. १९५६ ते १९६९ मध्ये त्याने ३१ कथापटांत काम केलं. शर्यतीत मोटार चालवणारा तर तीनदा झाला : १९६४, १९६६ आणि १९६८ साली. बाकी समुद्रकिनारा, दोन पोरी, एक मारामारी आणि दर दहा मिनिटांनी गाणं. पितांबर तेवढं बदललं. (१९५८चा 'किंग क्रिओल' मात्र यात ढकलू नका. तो 'कॅसाब्लांका'वाल्या दिग्दर्शक मायकेल कर्टिझचा, आणि त्यात एल्व्हिस खरंच अभिनय करतो.)

दुसरं उत्तर : 'गल्लाभरू' राहिलं की! साचेबद्ध म्हटल्याने घडण कळते, साचा कशापायी ते कळत नाही. १९६१च्या 'ब्लू हवाई'च्या गाण्यांची तबकडी अमेरिकेत २० आठवडे पहिल्या नंबरावर होती. सिनेमा तबकडी खपवणार, तबकडी सिनेमा. असा साचा कोण मोडेल?

प्रश्नकर्ता : पटलं. मग 'गायकपट' चालेल?

पहिलंच उत्तर पुन्हा : नको. ते गायकाच्या चरित्रपटासारखं वाटतं. 'तमाशापट' जमला कारण तमाशा आधी घरचा होता. दादा कोंडक्यांच्या वेळी आपण कुठे शब्द पाडला? 'दादांचा लागलाय' एवढं म्हटलं की कथा, गाणी, चावटपणा, सगळं आलं. तुम्हीही 'एल्व्हिसचे सिनेमे' लिहा. षष्ठीचा 'चे' पुरेसा आहे. आणि 'गाणीबजावणीचे' ठेवा, ते छान आहे.