आपापल्या स्पीडने शिकणारी मुलं गटात बसवायची कशी?

गणितवाली बाई:
सातवीला गणित शिकवते. यंदा व्हिडिओ आणि वर्कशीट देऊन मुलांना आपापल्या स्पीडने जाऊ दिलं, टेस्ट पास झाली की पुढचं युनिट. फायदा दिसतोय, मागे पडणारी घाबरत नाहीत, पुढची कंटाळत नाहीत, पण आता कुणी समीकरणांवर तर कुणी अजून अपूर्णांकात, त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायला विषयच उरला नाहीये. गट केले तर एक हुशार पोर सगळं सोडवतं, बाकीचे उतरवून घेतात. तुम्ही मेळ कसा घालता?

चौकस:
सगळ्यांना एका युनिटवर आणायच्या भानगडीत पडूच नका. गटाला असा प्रश्न द्या जो कुठल्याही युनिटवरच्या मुलाला चावता येईल. उदा. ०.५ × ०.२५ चं उत्तर ०.१२५, म्हणजे दोन्ही संख्यांपेक्षा लहान, असं का? समीकरणं धडाधड सोडवणारी पोरंही इथे अडखळतात, कारण "गुणाकार केला की संख्या वाढते" हे डोक्यात फिट्ट बसलेलं असतं. मात्र आधी प्रत्येकाने एकट्याने वहीत लिहायचं, बोलणं नंतर. हार्वर्डला फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये हेच सुरू केलं, आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असली की चर्चेत दम असतो. त्याहून कमी असतील तर सरळ पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे चला.

मागचा बेंच:
वरचं पटलं, पण उतरवणाऱ्यांचा बंदोबस्त त्याने होत नाही. गटात शिकण्यावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट स्लाविन यांचा सगळा भर यावरच होता की ध्येय गटाचं पण जबाबदारी ज्याची त्याची. आमच्याकडे गटाचं काम झालं की चिठ्ठी काढतो, ज्याचं नाव येईल त्याने फळ्यावर समजावायचं आणि तेच गटाचं उत्तर. मग हुशार पोरगाच बाकीच्यांच्या मागे लागतो, अरे समजलं का, परत सांग बघू.

आणि एक, हुशार मुलांना फुकटचे मास्तर बनवू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांच्या १९६८ च्या सेल्फ-पेस्ड (आपापल्या स्पीडने शिकायच्या) पद्धतीत विषय आधीच पक्का झालेले विद्यार्थी बाकीच्यांच्या टेस्ट तपासायचे, ते ठीक, पण रोज त्यांच्याच गळ्यात नको. त्या पद्धतीत चालढकल करणारेही बरेच निघायचे, त्यामुळे स्पीड आपापला असला तरी "या तारखेपर्यंत निदान इतकं" ही खालची रेघ आखाच.

शांतताप्रेमी:
मला तरी वर्ग चिडीचूप असण्यात काही वाईट दिसत नाही. अमेरिकेत विनेट्का गावच्या शाळांत १९१९ पासून तिथले शाळाप्रमुख कार्लटन वॉशबर्न यांनी गणित-वाचन ज्याच्या त्याच्या गतीने ठेवलं आणि गटाचं काम वेगळ्या वेळेत, नाटक, संगीत, चर्चा असं. प्रत्येक तासाला दोन्ही कोंबायचा अट्टाहास कशाला?

गणितवाली बाई:
@शांतताप्रेमी, पण माझ्याकडे तास फक्त गणिताचा, नाटक कुठून आणू 😄 शुक्रवारी ०.५ वाला प्रश्न आणि चिठ्ठी दोन्ही करून बघते. @मागचा बेंच, गट मुद्दाम मिसळून करता की चिठ्ठीनेच?

मागचा बेंच:
मुद्दाम मिसळून, चौघांचा. पाच झाले की एक जण खिडकीबाहेर बघत बसतो.