स्टेनलेसच्या खांबांना फायर पेंट (आगीत खांब तापणं लांबवणारा रंग) लागतो का?

किनारेवाला: मालवणात किनाऱ्यालगत खानावळ बांधतोय. एमएसचे (साध्या पोलादाचे) जुने खांब गंजून भुगा झाले, म्हणून आता ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे १०० × १०० × ६ मिमी बॉक्स, उंची ३ मीटर. वर जीआय (जस्त चढवलेला) पत्रा. चार खांब स्वयंपाकघरातच येतात. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘एसएस आहे, आगीत काही होत नाही, पेंटचे पैसे वाचवा.’ ऐकू का?

जुना_डिझायनर: नका ऐकू. उशिरा जातो, एवढंच खरं. सडपातळ खांब आगीत चिरडत नाही, बकल होतो (बाजूला वाकून कोसळतो), आणि तिथे ‘ई’चा, म्हणजे ताठरपणाचा, हिशोब चालतो. युरोकोड ३ या पोलादी बांधकामाच्या युरोपीय मानकाच्या आगीच्या भागात ६०० अंशांना साध्या पोलादाचा ई ३१ टक्के उरतो, स्टेनलेसचा ७६. ताकदीचं मात्र वेगळं आहे. ४०० अंशांपर्यंत साधं पोलाद यील्ड (कायमचं वाकण्याआधी पेलायची ताकद) सोडत नाही, तर ३१६ तोवर ६६ टक्क्यांवर आलेलं असतं. ७०० ला उलट: साधं २३ टक्क्यांवर, ३१६ मात्र ५१ वर.

पण प्रमाणित आगीत अर्ध्या तासात हवा ८४२ अंशांवर जाते आणि ६ मिमीची भिंत तिच्या मागोमाग तापते. युरोकोड स्टेनलेसची एमिसिव्हिटी (कमी म्हणजे आगीची उष्णता कमी शोषणार) ०.४ धरतो, साध्याची ०.७. फोडणीच्या तेलकट थराखाली ती सवलत मी तरी घेणार नाही. आणि आयएस ८०० या भारतीय मानकामधलं यील्डचं (९०५ − T)/६९० हे सूत्र (T म्हणजे तापमान) इथे लावू नका, ते साध्या पोलादाचं.

वेल्डर_दादा: प्रसरण पण बघा. ६०० अंशांना हा खांब सुमारे ३ सेंमी लांब होणार, एमएसपेक्षा जास्त.

जुना_डिझायनर: बरोबर. आणि तुमचा जीआय पत्रा! जस्त ४१९ अंशांना वितळतं. ताणाखालच्या, लालभडक तापलेल्या स्टेनलेसवर ते ठिबकलं की कणांच्या सीमांमधून शिरून तडे पाडतं. ई कितीही शिल्लक असो, मग उपयोग नाही. स्वयंपाकघरावर तरी जस्ताचं काही ठेवू नका.

किनारेवाला: सिलिंडर बाहेर काढतो, तेवढ्या भागावर कौलं घालतो. पेंट फक्त त्या चार खांबांना दिला तर चालेल?

जुना_डिझायनर: खांबावरचा भार कळल्याशिवाय ‘चालेल’ म्हणणार नाही, डिझाइनरकडून लोड रेशो (खांबाच्या ताकदीच्या किती हिस्सा भार आहे ते) काढून घ्या. पेंटवाल्याला सेक्शन फॅक्टर (तापणारा पृष्ठभाग भागिले पोलादाचं घनफळ) १७५ प्रति मीटरच्या आसपास सांगा, जाडी त्यावरून ठरते. गुळगुळीत एसएसवर पेंट धरत नाही, आधी पृष्ठभाग खरखरीत करून घ्या. आणि झिंक प्रायमर अजिबात नको.